‘सुट्टी’चा अर्थ शिकवणाऱ्या विमलताई

केंद्रप्रमुख विमलताईंना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा माझ्या कामाचा मला भारी तोरा होता. वाशीमच्या एका इस्पितळात सहा वर्षे सर्जिकल वॉर्ड सांभाळून मी शेलूबाजारजवळच्या आमच्या वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात रुजू झाले होते. चौदा जणांचे बीपी, ताप, गोळ्या तासाभरात उरकून मी चार्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारले, “बरं. अन् बोलली कोणाशी?” मी तर शाबासकीची वाट पाहत होते. बोलणे हेही नर्सचे काम असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते!

ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या शिस्तीवर इतर सहकारी लिहितीलच. त्यांच्या देखरेखीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मी मात्र माझ्या चुकीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

बोलायचे म्हणून मी बोलू लागले आणि घात तिथेच झाला. कामरगावच्या गोदाबाईंची डावी बाजू लुळी. त्यांना भरवताना मी सवयीने म्हणाले, “खा आजी, म्हणजे लवकर सुट्टी होते.” इस्पितळात हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणे. तिथे सुट्टी म्हणजे घरी जाणे, आणि चार-आठ दिवसांत ती व्हायचीही. पेशंट घरी गेला की माझे बोलणेही त्याच्याबरोबर जाई. आमच्या केंद्रात मात्र कोणालाच सुट्टी होत नाही.

दुसऱ्या सकाळी पाहते तो काय, गोदाबाई आयाकडून नवे लुगडे नेसवून घेऊन, मांडीवर गाठोडे ठेवून, व्हीलचेअरवर फाटकाकडे तोंड करून बसलेल्या! “माही सुट्टी झाली. पोरगा येऊन राह्यला न्याले.” मुलगा पुण्याला, गावचे घर बंद. त्या दिवशी त्यांनी घास घेतला नाही. पुढच्या दिवशी पाणीही नाकारले, तेव्हा मी ताईंकडे धावले.

“ताई, डॉक्टरनं सुट्टी पुढं ढकलली, असं सांगू का?” मी विचारले.

“एक खोटं पचलं नाही, अन् दुसरं भरवून राह्यली? चाल. तूच सांग तिले.”

इथून सुट्टी होणार नाही, हे मी सांगितले. गोदाबाईंनी चांगल्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. ताई मध्ये पडल्या नाहीत. गोदाबाई रडून शांत होईपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “चूक माही हाये, गोदाबाई. या नव्या पोरीले मीच सांगाले पाह्यजे होतं.” वरिष्ठांनी पेशंटपुढे असे कबूल केलेले मी जन्मात ऐकले नव्हते. इस्पितळात चूक नेहमी वरून खाली घरंगळत येते!

“मंग घर तरी दाखवा मले,” गोदाबाई म्हणाल्या आणि ताईंच्या हातून पाणी प्यायल्या. त्याच आठवड्यात मुलाला विचारून ताईंनी त्यांना जीपने कामरगावला नेले. आपल्या ओसरीवर शेजारणींशी तासभर बोलून त्या परत आल्या.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, हीच माझी प्रार्थना. या लेखाबद्दल गोदाबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहून दे तिले, माह्या आधी जाऊ नको म्हणावं. मले खरं सांगणारं दुसरं कोणी नाही.”