काळोख सांभाळणारा माणूस

आमच्या नाटक कंपनीत तो दिवे सांभाळायचा. मी रंगमंचावर मरायची आणि तो माझ्या चेहऱ्यावरचा उजेड इतक्या हळू काढून घ्यायचा, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या. टाळ्या मला पडत, पण त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या. हे मी तेव्हाही चारचौघांत सांगायची आणि आता कोणी विचारत नसलं तरी सांगते.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे वाट फुटेल तिकडे गेलो. त्याला गावाबाहेरच्या नव्या करमणूक उद्यानात काम मिळालं. तिथं पाळणे होते, पाण्याची घसरगुंडी होती आणि सगळ्यांत लांब रांग असायची ती भूतगुहेपुढं. रुळांवरच्या गाडीत दोघं बसायची, लोखंडी दांडा मांडीवर यायचा, दार ढकलून गाडी आत शिरायची आणि वळणावळणाला कोणी ना कोणी अंगावर यायचं. मालकानं याला दिव्यांचा माणूस म्हणून घेतलं होतं. यानं आत एक फेरी मारली आणि सांगितलं, इथं दिव्यांचं काम बोटभर आहे, खरं काम अंधाराचं आहे.

मग त्यानं अंधार बांधायला घेतला. पत्र्याच्या छताला आतून जाड काळं कापड लावलं. पहिल्या वळणावर ठेवलेलं भूत काढून टाकलं, कारण बाहेरचं ऊन डोळ्यांतून उतरेपर्यंत आत काहीही घडता कामा नये, असं त्याचं म्हणणं. आठवड्यातून एकदा, ऊन डोक्यावर आलं की गुहा बंद ठेवून तो आत नुसता बसून राहायचा. छतात कुठं टाचणीएवढा जरी उजेड दिसला, तरी वर चढून डांबर आणि चिंध्या कोंबायचा. पाळणेवाल्यांनी त्याचं नाव काळोखमामा ठेवलं. चेटकिणीच्या हसण्याची टेप करायची होती तेव्हा तो माझ्याकडे आला. मी इतकं जीव तोडून हसले, की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली.

त्याची बायको तिकिटाच्या खिडकीत बसायची. तिच्या पायाशी एक टोपली असे. आत भीतीनं पाय वर घेताना लोकांच्या चपला पडत, त्या तो गोळा करून आणायचा आणि लोक एका पायावर लंगडी घालत त्या घ्यायला खिडकीशी यायचे. टोपली किती भरली यावर नवरा-बायकोचा दिवस ठरायचा. ती स्वतः मात्र कधीही आत गेली नव्हती. म्हणायची, "भुताशी लग्न केलं तेवढं पुरे. सासर बघायची हौस नाही मला."

वर्षं गेली. मालकाचा मुलगा आला, मग त्याचा मॅनेजर आला. शेवटच्या वळणावरच्या मोठ्या सांगाड्याची मोटर जळली आणि नवी काही आली नाही. तोवर मी उभा राहतो, असं म्हणून हा काळे कपडे घालून, तोंडाला काळं फडकं बांधून सांगाड्याच्या जागी उभा राहिला. हातात ओला मोजा. गाडी जवळ आली की दांड्यावरच्या बोटांवर तो थंडगार हात नुसता टेकवायचा. बस, एवढंच. माणसं जी किंचाळत, ती कुठल्याही मोटरनं किंचाळली नसती. तात्पुरता म्हणून उभा राहिलेला हा माणूस तिथंच म्हातारा झाला. गाडी सोडणारा गेला, ते कामही बायकोनं घेतलं. एकेक बाहुली बंद पडत गेली. माझं हसणं टेपमध्ये ताणलं जाऊन दमेकऱ्याच्या खोकल्यासारखं झालं. शेवटी गुहेत चालू असलेलं एकच भूत उरलं, ते म्हणजे हा.

परवाच्या उन्हाळ्यात त्याची बायको माझ्या दारात आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, की लोक हसत बाहेर येतात. आधी तिला वाटलं, हल्लीची पिढीच निडर. पण ते तसलं हसणं नव्हतं. मॅनेजरनं सांगितलं होतं, येत्या सुट्टीला मी स्वतः बसेन, भीती वाटली तर गुहा ठेवू, नाहीतर पाडून तिथं उड्या मारायच्या गाद्या टाकू. हा माणूस बाहुल्या रंगवतो, रुळांना तेल घालतो, आत बसून छत तपासतो आणि सांगतो, आत काजळासारखा अंधार आहे, एक भोक नाही. मग लोक भीत का नाहीत, याचा विचार करून करून त्याचं जेवण तुटलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून बसले. माझ्या पुढच्या गाडीत एक तरुण जोडपं होतं.

आत शिरले आणि मला सगळं दिसलं. सगळं म्हणजे अगदी सगळं. पत्रे जागोजागी उचकटले होते, काळं कापड कुजून लोंबत होतं आणि त्यातून गाळून, दिवेलागणीसारख्या मंद उजेडाचे पट्टे खाली आले होते. चेटकिणीला ओढणारी दोरी, बाहुल्यांच्या पाठीतल्या वायरी, भिंतीला टेकवलेला झाडू. आणि शेवटच्या वळणावर, अशाच एका पट्ट्याखाली, रंगमंचाच्या मधोमध उभा असावा तसा तो. हात पुढं करून, श्वास रोखून, गाडीची चाहूल घेत. आपण कोणालाच दिसत नाही अशी त्याची खात्री होती. पुढच्या गाडीतल्या पोरीनं खिदळत त्याच्या ओल्या मोज्याशी हस्तांदोलन केलं. तिच्या हसण्याला त्यानं किंकाळी समजून मान हलवली की काय, देव जाणे. माझ्या बोटांवर त्याचा हात टेकला तेव्हा मी किंचाळले. उत्तम किंचाळले, सारा अनुभव पणाला लावून.

बाहेर येऊन मी त्याच्या बायकोला विचारलं, याची नजर कशी आहे? दिवसा चांगली आहे, ती म्हणाली. सुईत दोरासुद्धा ओवतात. दिवेलागणीला मात्र दाराच्या चौकटीवर आपटतात, पायरी चुकतात. मी आपली म्हणते, वय झालं. बोलता बोलता ती थांबली. कमी उजेडाचे डोळेच गेले होते त्याचे. आपल्याला ज्यात सगळं दिसतं, तो उजेड त्याला मिट्ट काळोख वाटत होता. छताखाली बसून तो भोकं शोधत होता, आणि त्याला ती कधीच दिसणार नव्हती.

आम्ही दोघींनी गुपचूप पत्रे बुजवायचाही विचार करून पाहिला. माझे गुडघे आणि तिची चक्कर घेऊन आम्ही छतावर चढलो असतो, तर गुहेला खरीच दोन भुतं मिळाली असती. कुणा गड्याला सांगावं, तर तासाभरात सगळ्या पाळण्यांना बातमी. सांगितलं तर त्याला कळणार, की इतके दिवस लोक त्याला बघून हसत होते. न सांगावं तर गुहा जाणार. ती बराच वेळ लुगड्याचा काठ चिमटीत चोळत बसली आणि मग म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

गुहा बंद ठेवून, भर दुपारी, मी त्याला त्याच्या जागेवर नेलं. आत जाताना त्यानंच माझा हात धरला, म्हणाला, जपून हं, तुम्हाला सवय नाही. शेवटच्या वळणावर उभे राहिलो.

"काही दिसतंय का रे तुला?"

"काय दिसणार ताई? काळोख आहे. मीच केलाय."

"तुझ्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं शिवलंय."

त्याची बोटं छातीवरून चाचपत त्या बटणावर गेली. दोऱ्याचा रंग बोटांना कसा कळणार? तो मला तशीच सोडून रुळांच्या कडेनं झपझप बाहेर गेला, एकदाही न अडखळता. मी पोचेपर्यंत तो उन्हात उभा राहून मान खाली घालून ते बटण बघत होता. मग खिडकीतल्या बायकोकडे न बघता त्यानं विचारलं, "मी त्यांना दिसत होतो?"

"हो," ती म्हणाली.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डांबराचा डबा घेऊन पत्र्यावर चढला. आणि सासर न बघितलेली ती बाई जन्मात पहिल्यांदा गुहेत शिरली. आतून उजेड दिसेल तिथं बांबूनं ठोकायचं, वरून तो बुजवायचा. दिवसभर ती ठकठक चालली होती. दिवस कलायच्या आधी आतून तिची हाक आली, "अहो, मला इथून बाहेर काढा. मला माझा हात दिसत नाहीये." तो वर बसल्या बसल्या हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

सुट्टीच्या दिवशी मॅनेजर आला. गाडी दोघांची म्हणून मी हट्टानं शेजारी बसले. माणूस वाईट नव्हता. दांडा नीट बसला का, हे त्यानं आधी माझ्या बाजूचं पाहिलं. दार बंद झालं आणि खरोखर काळोख झाला. कंपनीच्या दिवसांत पडदा उघडायच्या आधी विंगेत असायचा तसा, घट्ट. पहिल्या वळणावर काही झालं नाही, ते बरोबरच होतं. शेजारी मॅनेजरचा श्वास आखडल्याचं मला ऐकू आलं. माझ्या खोकणाऱ्या चेटकिणीलासुद्धा तो दचकला. शेवटचं वळण आलं. ओल्या कापडाचा वास आला. तो तिथं होता, हातभरावर. त्याच्या नाकातून येणारा श्वास मी ओळखते, विंगेत वर्षानुवर्षं ऐकलाय. मी दांड्यावर बोटं पसरून ठेवली. मॅनेजरचीही तिथंच होती.

हात आला नाही. गाडी पुढं गेली आणि दार ढकलून उन्हात आली.

मॅनेजरनं कपाळ पुसलं, कपडे झटकले. अंधार चांगला आहे, तो सौजन्यानं म्हणाला, पण शेवटी काहीच होत नाही. वाट बघायला लावता आणि काहीच होत नाही. मग त्यानं बाकीचं सांगितलं. पुढच्या महिन्यात पाडकाम. तुम्हा दोघांना फाटकावर बसवू, उद्यान माणसं टाकून देत नाही. काळोखमामाच्या बायकोनं मान डोलावली आणि मॅनेजर जाईपर्यंत डोलावतच राहिली.

हा बाहेर येईना. शेवटी तीच आत गेली. बऱ्याच वेळानं दोघं रुळांवरून चालत आली. त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं होतं, मोजा मात्र हातात तसाच होता, थेंब गळत होते.

"दिसलो का हो मी ताई?"

"नाही," मी म्हणाले. "नखसुद्धा दिसलं नाही."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी खोटं बोलतेय का, ते बघत असावा. नटीचा चेहरा, त्याला त्यातलं सगळं कळायचं.

"मग मी उगाच भ्यालो," तो म्हणाला.