मधलं मडकं

परीक्षा मंडळाच्या संगणक कक्षात तिला सगळेच ताई म्हणत. घरी मात्र ती खरोखरीची ताई होती, एकुलत्या एका धाकटीची.

एक प्रोग्राम दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला. या रचनेला ताई उतरंड म्हणे. "वरचं मडकं रिकामं करून उतरवा, मग त्याखालचं. घाई कराल तर मधल्यात शिळं राहील," असं ती नव्यांना बजावी. हे शहाणपण तिला उशिरा आलं होतं.

तिच्या निकालाच्या प्रोग्रामात तीन मडकी होती: तळाशी मुख्य, मध्ये एकेकाचा निकाल लावणारं, वर गुण वाचणारं. एखादी नोंद वाचता आली नाही, की वरून थेट तळ गाठायचा, अशी सोय ताईने केली होती. मधल्याला आवरायला सवडच मिळत नसे. त्यात 'नापास'ची खूण लागलेली असली, तर ती तशीच राही आणि पुढच्याच विद्यार्थ्याला चिकटे. त्याचा निकाल पुरा लागला की खूण पुसली जाई; त्याच्यानंतरचा सुखरूप सुटे. म्हणून कुणाला संशय आला नाही.

त्या वर्षी धाकटी नर्सिंगच्या परीक्षेत नापास झाली.

"ताई, पेपर चांगले गेले होते गं. एकदा बघ ना."

"यंत्र खोटं बोलत नाही. तू बोलतेस."

महिन्याभरात धाकटी कपड्यांच्या कारखान्यात लागली.

चार वर्षांनी निकालांच्या जुन्या चुंबकीय फिती तपासताना ताईला स्वतःची चूक सापडली. चुकीचे निकाल सात निघाले. त्यातला तिसरा बैठक क्रमांक तिला पाठ होता. तिने चूक लेखी कबूल केली. सहा पत्रं टपालाने गेली, सातवं ती स्वतः कारखान्यात घेऊन गेली.

धाकटी बटणं लावत होती. तिने पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे पास होते मी."

"पहिल्या वर्गात. पुढचा प्रवेश अजून मिळेल, मी चौकशी केलीय."

"केलीच असशील. प्रोग्राम दुरुस्त झाला?"

"त्याच दिवशी."

"आणि त्या दिवशी मला बोललीस, ते?"

 धाकटी सुईत दोरा ओवू लागली. तो दोनदा हुकला. ताईने हात पुढे केला.

धाकटीने सुई दिली नाही.