बासष्ट मिलिमीटर

आनंदराज सोनकांबळे सध्या नांदेडला एका पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या ग्रिल वेल्डिंग करतो. ज्या माणसाने फाइव्ह-ॲक्सिस मशीनवर इम्पेलर काढले, तो ग्रिल जोडतोय! कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, आणि तो स्वतः तर तोंडही उघडत नाही. म्हणून मी सांगतो.

इम्पेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारं चाक. त्याच्या पात्या वळलेल्या, एकमेकींवर झुकलेल्या, आणि मधली फट इतकी अरुंद की करंगळी घालायची तर तीही तिरकीच घालावी लागते. स्टीलच्या अख्ख्या गोळ्यातून हे कोरून काढायचं. कटर कुठून आत शिरायचं, टेबल किती कलायचं, पातीला धक्का न लावता बाहेर कसं यायचं, हा सगळा रस्ता आधी कॉम्प्युटरवर आखावा लागतो. तो आखणारा आनंदराज. मूळचा भोकर तालुक्यातला, नांदेडच्या आयटीआयचा. सात वर्षं चाकणला राहून हे शिकला, आणि लातूरच्या एमआयडीसीत भीमाशंकरअप्पांनी असलं मशीन आणलंय म्हटल्यावर गाशा गुंडाळून बायकोला घेऊन आला. आपल्या मुलखात हे काम मिळतंय म्हणून महामायाही हरखली होती.

अप्पांकडे मशीनवर उभे राहायचे शेषेराव. किल्लारीकडचे, पंचावन्न ओलांडलेले, हयात लेथवर गेलेली. आनंदराज त्यांना मामा म्हणे. दोघांचा डबा एकत्र सुटायचा, भाजीची अदलाबदल व्हायची. कुणी पाहुणा कारखाना बघायला आला की मामा छाती फुगवून म्हणायचे, "सगळी करामत ह्या आनंदची हाय बगा. म्या निस्ता बटन दाबतो."

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. मशीनला डोळे नसतात. कटर ज्या पकडीत बसतं त्या होल्डरच्या बाहेर ते किती आलंय हे माणसाने मोजून सांगायचं, आणि त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवायचा. बासष्ट मिलिमीटर सांगितलं आणि कटर त्याहून लांब असलं, तर ते तेवढंच जास्त खोल घुसणार. म्हणून आनंदराजची एक सवय होती. प्रत्येक कटर होल्डरमध्ये बसवलं की तोंडापाशी काळ्या मार्करने रेघ मारायची, आणि कुठलं कटर किती बाहेर हे कागदावर लिहून तो कागद मशीनच्या दारावर चिकटवायचा. चाकणला त्याने चुकीच्या मापाने एकाचं मशीन ठोकलेलं पाहिलं होतं, तेव्हापासूनची ही सवय.

त्या वर्षी पंपाच्या एका कंपनीचं काम आलं. सहा इम्पेलर उत्तम निघाले. सातवा लावायच्या आधी खंडेनवमी आली. अप्पांकडे हत्यारांची पूजा दणक्यात व्हायची. आनंदराजचं घर बौद्ध, छप्पन्न सालापासूनचं. तो पूजेला बसत नसे, आणि तीन वर्षांत कुणी त्याला त्यावरून एक शब्द बोललं नव्हतं. अप्पांच्या घरच्या उमादेवीअक्का प्रसादाचा पेढा त्याच्या टेबलावर आणून द्यायच्या, तोही आनंदाने खायचा. दसऱ्याला त्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असायचं, म्हणून नवमीच्या सकाळीच तो निघायचा. त्याही वर्षी निघाला. जाण्याआधी कटरच्या रस्त्याच्या प्रोग्राममध्ये थोडी काटछाट करून त्याने नऊ मिनिटं वाचवली, आणि स्क्रीनवर दोनदा चालवून पाहिला.

त्याच्या मागे अक्कांना वाटलं, यंदा मशीनच्या पोटातली कटरंही पूजेत मांडावीत. मामांनी ती होल्डरमधून काढली, थिनरने घासून लख्ख केली, हळदीकुंकू लागलं, झेंडू वाहिला, फोटो निघाले. संध्याकाळी मामांनी दारावरचा कागद न बघता, अंदाजानेच सगळी परत बसवली. थिनरने काळ्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आनंदराज नागपूरहून थेट कामावर आला. गेटातून आत येतोय तोच कडाड् असा आवाज झाला. धावत जाऊन बघतो तर मशीनच्या काचेला उभा तडा, कटरचे दोन तुकडे, सातव्या इम्पेलरची पाती उलटी मुडपलेली, आणि कटर फिरवणारा स्पिंडल गेल्यात जमा. मामा दोन पावलं मागे सरकून उभे होते. आनंदराजच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मीच मेलो, ती नऊ मिनिटं नडली.

दुपारपर्यंत तो कॉम्प्युटरसमोरून हलला नाही. रस्त्याचा इंच अन् इंच तपासला. चूक सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं, एकदाचे हात जोडले असते! मग तो व्हर्नियर घेऊन मशीनपाशी गेला. चार नंबरचं कटर पाच मिलिमीटर जास्त बाहेर. नऊ नंबरचं तीन कमी. मोडलेल्या सहा नंबरचे तुकडे जुळवून मोजले तर चौऱ्याहत्तर. दारावरच्या कागदावर बासष्ट लिहिलेलं. होल्डरच्या खाचेत कुंकू अजून तसंच होतं.

त्याला हायसं वाटलं. वेडा कुठला! आकडा हातात आहे म्हणजे जिंकलो, असं वाटलं त्याला. अप्पांना बोलावून त्याने सगळं मोजून दाखवलं. "अप्पा, बघा. पूजेला कटरं काढली, परत बसवताना मापं चुकली. प्रोग्रामचा काही दोष नाही."

अप्पांनी व्हर्नियर स्वतःच्या हातात घेऊन पाहिला. आकडा त्यांना कळत नव्हता असं नाही, तेही डिप्लोमावाले होते. मग आवाज चढवून म्हणाले, "म्हंजे पूजेनं मशीन मोडलं म्हनतोस?"

"तसं नाही अप्पा. बसवताना..."

"तसंच म्हनून राहिलास तू! माज्या घरची बाई नवमीचा उपास धरून पूजा करती, अन् तू म्हनतोस अपशकुन झाला?"

शेडमध्ये सगळी कामं थांबली. तीन वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते त्या एका क्षणात सगळ्यांना सुचलं. कुणीतरी मागून म्हणालं, देवाला न मानणाऱ्याच्या हातचं काम हाय ते. आनंदराजने मामांकडे पाहिलं. कटर बसवणारे हात त्यांचे, दारावरचा कागद रोज बघणारे डोळे त्यांचे. एक शब्द, फक्त एक शब्द त्यांनी बोलायचा होता. मामा चिंधीने तेच तेच हँडल पुसत राहिले.

अप्पा तसे दुष्ट नव्हते. संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बोलावून त्यांनी चहा दिला. पंपाच्या कंपनीला कारण लिहून द्यायचं होतं, कागद टाइप करून तयार होता. प्रोग्रामिंगमधील चुकीमुळे अपघात झाला, खाली आनंदराजचं नाव. "सही कर, मशीनपुढं एक नारळ फोड, अन् उद्यापासून कामाला लाग. कोन काय म्हनत न्हाई तुला."

"नारळाचं नंतर बघू अप्पा," आनंदराज म्हणाला, "पण जी चूक मी केली नाही तिच्यावर सही कशी करू?"

"अरे, एका सहीनं काय तुजं हाड झिजतंय?"

"झिजतंय अप्पा. माझ्याजवळ दुसरं आहे काय? माझा रस्ता चुकत नाही, एवढंच तर आहे."

अप्पा उठले, शेडमध्ये गेले आणि मशीनच्या दारावरचा तो कागद टरकावून त्यांनी बोळा करून टाकला. आनंदराजची नोकरी तिथेच संपली.

नोकरी गेली तर दुसरी मिळते, असं लोक म्हणतात. त्या लोकांना लातूरची एमआयडीसी ठाऊक नाही. असली मशीनं बोटावर मोजण्याइतकी, आणि मालक सगळे एकमेकांच्या लग्नात जेवणारे. तो पोचायच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असायची. मशीन ठोकणारा, वर पूजेला नावं ठेवणारा! एकाने तर उदगीरला बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि काय झालं होतं ते मजेत ऐकून परत पाठवलं. चाकणच्या जुन्या कंपनीत त्याची जागा भरली होती, शिवाय भोकरला म्हातारे वडील केरबा अंथरुणाला खिळलेले. शेवटी तो नांदेडला आला आणि ग्रिल जोडू लागला. डोळ्यांवर काळी काच लावली की समोरचं काही दिसत नाही, तेच बरं, असं एकदा महामायाला म्हणाला होता.

वर्ष गेलं. पुन्हा नवमी आली. दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं म्हणून महामाया पिशवी भरत होती, पांढरी साडी इस्त्री करून ठेवत होती. दुपारी फोन वाजला. शेषेरावमामा. वर्षभरात पहिल्यांदा.

"आनंद, बरा हायस का?" मामा दबक्या आवाजात बोलत होते. मागे घंटा वाजत होती. "आरं, पूजेला कटरं काडली व्हती. आता बसवून राहिलो. सहा नंबर किती भाईर ठिवायचं रे? तो कागद तर न्हाई राहिला."

आनंदराजच्या हातातली पांढऱ्या सदऱ्याची घडी अर्धीच राहिली. क्षणभर त्याला वाटलं, फोन ठेवून द्यावा. होऊ दे काय व्हायचं ते. एकदा पुन्हा कडाड् होऊ दे, म्हणजे कळेल सगळ्यांना.

"बासष्ट," तो म्हणाला. "चार नंबर अठ्ठेचाळीस, नऊ नंबर पस्तीस. आणि मामा, बसवल्यावर सगळ्यांची लांबी परत मोजून मशीनला सांगा. पहिला पीस चालू होताना काचेसमोर उभे राहू नका."

"हाव, हाव."

"प्रोग्राम कुणाचा आहे?"

घंटा वाजतच होती. मामा हळूच म्हणाले, "तुजाच हाय की. मशीन दुरुस्त झाल्यापासून त्योच चालून राहिला. नवीन पोरगा आला, पन त्यानं एक आकडा बदलला न्हाई."

"मामा, मग अप्पांना एवढं एकदा सांगा ना. त्या दिवशी चौऱ्याहत्तर होतं, एवढंच सांगा. मला परत घेऊ नका म्हणावं, पण सांगा."

मामा काहीतरी बोलायला गेले. मग म्हणाले, "अप्पा आले बग. ठिवतो," आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" महामायाने विचारलं.

"शेषेरावमामा. कटरची मापं विचारत होते."

"अन् तुम्ही सांगितली?" तिचा संताप अनावर झाला. "त्या माणसानं तुमच्यासाठी तोंड उघडलं नाही, त्याला? कशाला सांगितली?"

"काचेसमोर तेच उभे राहतात गं," आनंदराज म्हणाला, आणि पांढऱ्या सदऱ्यात तोंड खुपसून वर्षभराचं रडला.