भावाची लेक

आमची आत्या माझी ओळख करून देताना "ही माझी सून" असं कधी म्हणाली नाही. देगलूरच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुणी विचारो न विचारो, ती माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायची, "भाची हाय माझी. सख्ख्या भावाची लेक." तिच्या मुलाशी माझं लग्न झालंय हे ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. चाकूरला येऊन तिने मला वडिलांकडे मागितलं, तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं, की परक्या घरची पोर आणून तिचा स्वभाव ओळखण्यात जन्म घालवण्यापेक्षा आपली पोर आपल्यात बरी. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट पोरगी आत्याच्या घरी पडली म्हणून आई निर्धास्त झाली होती.

नवरा-बायकोच्या भांडणात आत्याला चूक कुणाची हे विचारावंच लागत नसे. ती थेट मुलाला झापायला सुरुवात करायची. "या घरात जावई मीच हाव," असं तो बिचारा शेजाऱ्यांना सांगायचा.

मला दिवस गेले तेव्हा तर तिच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं. मला आंबट खायचे डोहाळे लागले म्हणून तिने आंबाडीची भाजी इतक्यांदा केली, की घरातले बाकीचे ताटावर बसायला कुरकुरू लागले. सातव्या महिन्यात देगलूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि फार न बोलता आम्हाला नांदेडला पाठवलं. आत्या माझ्याबरोबर आत आली. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पोटावरून मशीन फिरवलं आणि नात्यात लग्न झालंय का, असं विचारलं. मी बोलायच्या आत आत्याने नेहमीच्याच ठसक्यात सांगून टाकलं, सख्ख्या भावाची लेक म्हणून. बाईंनी मान हलवली. घरात याआधी कुणाची बाळं दगावलीत का, हा पुढचा प्रश्न होता.

"माझीच दोन गेली," आत्या म्हणाली. "जलमली तशीच गेली. तवा कोन बघायलं होतं आत काय हाय ते?"

मग बाईंनी मला समजावून सांगितलं. बाळाच्या दोन्ही किडन्या सुजल्या होत्या. त्यामुळे बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालं होतं आणि त्या पाण्याशिवाय त्याची फुप्फुसं वाढणार नव्हती. जन्मलं तरी जगणं कठीण. डॉक्टरांच्या मंडळाची परवानगी घेऊन गर्भ काढता येईल, तुमचं तुम्ही ठरवा, असंही त्या म्हणाल्या. मी ठेवायचं ठरवलं. आत होतं तोवर तरी ते माझं होतं.

आत्याने एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली, की पाणी कमी आहे. घरी आल्यापासून ती तांब्या घेऊन माझ्यामागे फिरू लागली. नारळपाणी, ताक, धन्याचं पाणी, जिरं उकळलेलं पाणी. मी प्यायलेलं पाणी तिथवर पोचत नाही, हे बाईंनी तिला दोनदा सांगितलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि बाहेर आलं की नारळवाला शोधायची. मीही निमूट प्यायची. तिच्या हातून तांब्या काढून घेतला असता तर तिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नसतं, आणि माझ्याकडेही.

मुलगी झाली. सकाळी झाली, दुपारी गेली. आत्याने तिला पदरात घेतलं होतं. तिला न्यायला आलेल्या सिस्टरांकडे ती लवकर देईना.

घरी सोडताना आत्याने बाईंना तोंडावरच विचारलं, हे माझ्यामुळं झालं का? बाई तिच्याशी फार मायेने बोलल्या. दोष कुणाचाच नाही, पण एकाच रक्तातल्या दोघांत एकच खोट असू शकते आणि ती बाळात उतरते. पुढच्या खेपेलाही उतरू शकते, म्हणून आधी तपासण्या करा, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून ही कोण, असं विचारलं. "सून हाय," आत्या म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली. मला बाळ गेल्याइतकंच ते लागलं.

काही महिन्यांनी एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. पोराशी मी बोलले, तो आडवा येणार नाही, म्हणाली. "सासू न्हाई, तुजी आत्या बोलायली. तुजं वय हाय अजून. मोकळी हो. दुसरं घर मी बघते, परक्यातलं. भावाच्या पाया पडून मी सांगते त्याला."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले. मागून आणलीस तेव्हा मला विचारलं नव्हतंस, आता घालवताना तरी विचार, असं काहीबाही बोलले. मी कुठेही जाणार नाही, हेही सांगितलं.

"मग नातू दे म्हनून तुला मी आता कोन्या तोंडानं म्हनू?" ती म्हणाली.

तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि नातू हा शब्दही पुन्हा तोंडातून काढला नाही. मागच्या हिवाळ्यात ती गेली. घरात अजून लेकरू नाही. मी तिच्याच घरात आहे.