यादीत आत्याच्या नावापुढची खूण

१६ ऑगस्ट २००९, कोल्हापूर. एप्रिलनंतर इथे एक ओळही लिहिली नाही. कमेंटमध्ये विचारणाऱ्यांना उत्तरही दिलं नाही, त्याबद्दल माफ करा... जुलैच्या सुरुवातीला वडील गेले. पण आज लिहितेय ते फक्त त्यांच्याबद्दल नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि सहा वर्षं पीएचडी करतेय. विषय कॉग्निटिव्ह रेडिओ, म्हणजे स्वतःचा चॅनेल नसलेले रेडिओ. दुसऱ्याचा चॅनेल रिकामा दिसला की तेवढ्यापुरता वापरायचा, मालक आला की सोडायचा.

अशा रेडिओंच्या जाळ्यात एक निरोप सगळ्यांना लवकरात लवकर मिळावा, म्हणून कोणी कधी, कुठल्या चॅनेलवर बोलायचं याचं वेळापत्रक मी बनवलं. कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम लिहून चालवला, तेव्हा ते जुन्या पद्धतीपेक्षा वेगवान ठरलं होतं. थिसिस फक्त बांधायला द्यायचा बाकी होता.

वडील गडमुडशिंगीच्या घरी पहाटे गेले. दुपारी अंत्यविधी ठरला आणि पाहुण्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी वहीच्या पानावर तेच केलं जे रोज करते... कोणी कोणाला फोन करायचा, त्याने पुढे कोणाला, एकाच घरी दोघांचे फोन जायला नकोत. माझं शिक्षण आज कामाला आलं, असं चुलतभाऊ म्हणाला. त्या दिवशीही मला ते ऐकून बरं वाटलं.

राधानगरीकडे आत्या असते, वडिलांची एकुलती बहीण. तिकडे पावसाने दोन दिवस लाइट नव्हती, फोन लागेना. मी तिच्या मुलाला एसएमएस पाठवला आणि यादीत आत्याच्या नावापुढे खूण केली.

आत्याला दुसऱ्या दिवशी कळलं, दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याकडून. ती थेट रक्षाविसर्जनाला आली. भावाचं तोंड बघायला मिळालं नाही, पण ओरडली नाही. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "फोन लागंना तर माणूस धाडायचा हुतास की गं. तुझ्या बानं धाडला असता. आन् त्यो परत येऊन 'सांगितलं' म्हणस्तोवर दारातनं हालला नसता."



जुलैअखेरीस कॉलेजात बसून माझा प्रोग्रॅम पुन्हा वाचायला घेतला. मन लागत नव्हतं, पण आत्याचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं... आणि ती ओळ दिसली. एका रेडिओने निरोप पाठवला, की त्याच्या शेजारचे सगळे 'मिळाला' या यादीत जात होते. मधेच चॅनेलचा मालक परत आला, शेजाऱ्याने काही ऐकलंच नाही, तरीसुद्धा.

ती ओळ मीच लिहिली होती. अगदी सुरुवातीला, प्रोग्रॅम चालतो का एवढंच बघायला. नंतर बदलणार होते...

बदलून तीनदा चालवलं. माझं वेळापत्रक जुन्या पद्धतीपेक्षा हळू निघालं, आणि काही रेडिओंपर्यंत निरोप गेलाच नाही. थिसिसमधला एकही आलेख आता खरा नाही.

परीक्षक प्रोग्रॅम उघडून बघत नाहीत. हा विचार मला आला, हेही इथे लिहून ठेवते. दोन आठवडे मी कोणालाच सांगितलं नाही. मधेच रडू येतं... ते वडिलांसाठी, की सहा वर्षांसाठी, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. घरातले समजूत घालतात, वडिलांचं दुःख आहे म्हणतात, आणि मी तसंच समजू देते.

माझे गाइड सर सांगलीला असतात. सकाळी त्यांना सगळं मेलमध्ये लिहिलं. पाठवणार होते, पण हात थांबला... मेल गेला असता, माझ्या मनात खूण झाली असती, आणि मी सुटले असते.

उद्या: पहिल्या एसटीने सांगलीला जाऊन सरांना समोर बसून सांगायचं.