लीड्समधला मलिदा

मी अलिबाग सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात दोघी रडत होत्या. एक माझी आई, दुसरी शेजारची एस्तरमावशी. मावशी बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठीच बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. प्रवासाला निघणाऱ्यासाठी ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि एलियाहू पैगंबराची प्रार्थना. मावशीने डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "एकटीने खाऊ नकोस गं. समोर येईल त्याला द्यायचा." विमानात मी तो शेजारच्या अनोळखी आजोबांना दिला. त्यांनी दोनदा मागून घेतला.

दोन वर्षांनी मावशीची मुलगी रेचल, माझी बालमैत्रीण, आईला घेऊन इस्रायलमध्ये अश्दोदला राहायला गेली. मी इथे लीड्सच्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करते. भेटायचं ठिकाण आम्ही ठरवलं इस्तंबूल, कारण दोघींनाही थेट विमान. दर वसंतात चार दिवस बॉस्फरसच्या काठी बसून आम्ही अलिबागच्या लोकांची यथेच्छ निंदा करायचो. अलिबागकरांनो, तुम्हाला उचक्या लागायच्या त्या आमच्यामुळे.

तुर्कस्तान आणि इस्रायलचं तेव्हाही सख्ख्या जावांसारखं होतं. राजदूत जायचे, रुसवे निघायचे, राजदूत परत यायचे, आणि या सगळ्यात व्यापार मात्र खाली मान घालून चालू राहायचा. आम्ही हसायचो. गाझाचं युद्ध सुरू झालं आणि हसणं संपलं. आधी विमानं बंद झाली, मग अंकाराने व्यापारही थांबवला. त्याच वर्षी एस्तरमावशी तिकडे अश्दोदला वारली, आणि मला रेचलच्या गळ्यात पडून रडताही आलं नाही.

माझ्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर आयलिन तुर्कस्तानातल्या मेर्सिन बंदराची. तिचे बाबा वर्षानुवर्षं इस्रायलमधल्या हैफाला फरशा पाठवायचे. व्यापार थांबवला म्हणून ते फोनवर सरकारच्या नावाने खडे फोडायचे आणि आयलिन त्यांच्यावर चिडायची. "बाबा, हे फार आधी करायला हवं होतं," असं ती तुर्कीत सांगायची आणि फोन ठेवल्यावर मला इंग्रजीत. गाझातल्या हॉस्पिटलांसाठी स्टाफ-रूममध्ये बेक सेल ठेवायचा, म्हणजे घरून पदार्थ करून आणून विकायचे आणि पैसे जमवायचे, हे तिच्याच डोक्यातून निघालं. मी लगेच हो म्हटलं. तिथले डॉक्टर भुलीशिवाय ऑपरेशनं करतायत हे ऐकून भूल देणाऱ्या बाईला झोप कशी लागेल?

मला नीट करता येतो असा गोड पदार्थ एकच, मलिदा. प्रत्येक ताटापुढे लेबल लावायचं होतं: नाव, कुठला, नट्स आहेत का. मी पेन हातात घेतलं आणि कच खाल्ली. रेचलचा मुलगा तेव्हा इस्रायली सैन्यात होता. या टेबलावर "ज्यू" लिहिलं तर आयलिन काय म्हणेल? मी लिहिलं, "कोकणातले गोड पोहे. नट्स आहेत." ताट बघता बघता रिकामं झालं आणि मी शहाणी, फुशारकीने त्याचा फोटो रेचलला पाठवला.

तिने फोटो मोठा करून लेबल वाचलं. व्हॉइस मेसेज आला. "पोहे काय गं? माझ्या आईचं नाव घ्यायला लाज वाटली तुला?" त्यानंतर तिने माझा फोन उचलणं बंद केलं. मला खरंच लाज वाटली, पण मावशीची नव्हे, माझी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या ब्रेकमध्ये मी आयलिनला सगळं सांगितलं. रेचलच्या मुलाचंही. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लुक, मी त्या मुलाला माफबिफ करणार नाही हं. पण यू शुड हॅव टोल्ड मी. आणि तिला विचारलंस का, तिच्या आईचा पदार्थ गाझासाठी विकलेला चालेल का?"

नव्हतं विचारलं. ते दोघींनाही न विचारता मीच ठरवून टाकलं होतं. मी रेचलला लिहिलं, सगळं, आयलिनच्या शब्दांसकट. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी चार ओळी: "मुलाची काळजी मला जगू देत नाही. तिकडच्या आयांचं काय होत असेल ते मला कळतं, इथे बोलता येत नाही. आई म्हणायची, समोर येईल त्याला द्यायचा. दे. पण नाव लिही."

पुढच्या बेक सेलला लेबल आयलिनने लिहिलं, तिच्या ठसठशीत अक्षरात: "मलिदा. अलिबागच्या ज्यू घरातला. एस्तरमावशीचा. नट्स आहेत." दोघीजणी वाचून पुढे निघून गेल्या. बाकीच्यांनी घेतला. ताट रिकामं व्हायला या वेळी दुपार झाली, पण झालं.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं की मी पूर्वी अडखळायचे. आता नाही. जिथे माझ्या ताटापुढे खरं नाव लिहिता येतं ते माझं घर, आणि ते मला लीड्समध्येही करता आलं. रेचल, इस्तंबूलचं विमान सुरू होईल तेव्हा होईल. तू अथेन्सवरून इकडेच ये. दार कदाचित आयलिन उघडेल. ती तुझ्याशी भांडेल, तूही भांड. मी पोहे भिजवून ठेवते.