न्यूनेनच्या शेतातली शिवराई

२००६ सालच्या मार्चमध्ये मी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी एका शेतात पिशवीभर निर्माल्य पुरलं आणि एप्रिलमध्ये त्याच शेतातून इतिहास खणून काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला अजिबात वाटलं नाही. मी इंजिनियर आहे. (बिघाडाचं मूळ शोधून काढायचा मला पगार मिळतो.)

सुरुवात आईपासून करायला हवी. कराडच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका म्हणून तिने उभी हयात काढली. वडील गेल्यावर घरचे देव तिने माझ्या हवाली केले आणि मी ते नेदरलँड्सला आणले. तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच प्रश्न.

"पूजा झाली?"

"झाली."

"रोज करतोस ना?"

"रोज म्हणजे काय, रोजच!"

सहा वर्षं हे असं चाललं होतं. देव जिन्याखाली होते. एका बाजूला विजेचं मीटर, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनर, मधे पाच देव आणि एक अन्नपूर्णा. दिवाळीला मी दार उघडून फुलं वाहायचो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दार बंद. बायकोने, म्हणजे मेधाने, लग्नानंतर महिन्याभरातच सांगून टाकलं होतं, "देव तुमच्या घराण्याचे, पूजा तुझी. मला सात दहाची बस आहे."

वेळ नव्हता असं मात्र नाही. शनिवार-रविवार मी मेटल डिटेक्टर घेऊन शेतातून हिंडायचो. ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने हे वेड लावलं. त्याला म्हणे कुठे रोमन नाणं सापडलं होतं! मी लगेच जुन्या बाजारातून यंत्र आणलं, गमबूट आणले, आणि गावाबाहेरच्या योस नावाच्या शेतकऱ्याची रीतसर परवानगी काढली. दोन वर्षांत मला बिअरच्या बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नट, घोड्याचा अर्धा नाल आणि विजारीची दोन बटणं सापडली. प्रत्येकाची खोली, वजन आणि दिशा मी एक्सेलमध्ये नोंदवत असे.

"भंगारवाले निदान बदल्यात लसूण देतात," मेधा म्हणायची.

आणि मग आईचा फोन आला. पाडव्याला येते आहे, तीन महिने राहणार.

मी धावत जिन्याखाली गेलो. देवांवर धुळीचा थर, भोवती दोन दिवाळ्यांची वाळून कोळ झालेली फुलं, आणि अन्नपूर्णा ज्या वाटीतल्या तांदळात उभी असते, त्या तांदळात किड्यांनी बिऱ्हाड थाटलेलं! मी अन्नपूर्णेला उचललं आणि वाटी थेट पिशवीत उपडी केली. वर फुलं कोंबली, पिशवीला गाठ मारली.

"अरे, ते तांदूळ चाळून तरी घे," मेधा म्हणाली. "त्यात काही असेल."

"काय असणार? किडे."

(हे वाक्य आमच्या मराठी मंडळात पुढे फार गाजलं.)

आता ही पिशवी टाकायची कुठे? आमच्या खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, हिरवा डबा ओल्या कचऱ्याला दिला होता, राखाडी उरलेल्या कचऱ्याला. निर्माल्याचा रंग कुठल्याच पत्रकात नव्हता. शिवाय आई डबे उघडून बघते. कालव्यात सोडावं तर शेजारची आजी खिडकीत बसूनच असायची, ती पोलिसांना फोन करायला मागेपुढे बघणारी नव्हती. शेवटी मी योसकडे गेलो.

"योस, तुझ्या शेतात थोडी फुलं पुरू का?"

"कोणी वारलं का?" त्याने टोपी काढली.

"नाही, नाही! देवाची फुलं आहेत. वापरलेली."

"तुमचा देव फुलं वापरतो?"

"वापरतो म्हणजे... दोन वर्षांपूर्वीची आहेत, आता वापरून झाली."

योसने टोपी परत घातली. "त्या कोपऱ्यात पूर, झाडांच्या रांगेखाली. पुढच्या आठवड्यात नांगरणारच आहे."

मी पुरली. पिशवी प्लास्टिकची, म्हणून ती तेवढी काढून घेतली. पर्यावरणाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

आई आली. चहासुद्धा न घेता देवाकडे गेली. देव लखलखत होते (आदल्या दिवशी तासभर चिंच लावून घासले होते). वाटीत ताजा बासमती. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि मला माझाच अभिमान वाटला. मग तिने अन्नपूर्णा हळूच बाजूला घेऊन तांदळात बोट घातलं.

"अवि, अन्नपूर्णेखालचा पैसा कुठाय?"

पैसा? कुठला पैसा? पण रोज पूजा करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही.

"तो होय! तो बँकेत ठेवलाय. लॉकरमध्ये. इथे चोऱ्या फार."

(न्यूनेनमध्ये त्या वर्षी माझ्या माहितीतली एकच चोरी झाली होती. माझ्या सायकलचा दिवा गेला होता.)

"देवाचा पैसा बँकेत? मग रोज पूजा कशाची करतोस?"

"त्याची मी मानसपूजा करतो."

मागे मेधाला ठसका लागला. आईने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. वही घरी विसरली म्हणणाऱ्या मुलांसमोर ती तीस वर्षं हेच करत आली होती. "मी जायच्या आत आणून दाखव," ती एवढंच म्हणाली. "तुझ्या पणजोबांपासूनचा आहे तो."

आईला उत्तर द्यायचं तर निदान ती वस्तू दिसते कशी हे तरी माहीत हवं! मेधाला विचारलं, तर म्हणाली, "घराणं कोणाचं?" मी ठरवलं, असेल जुना ॲल्युमिनियमचा एक पैसा. मंडळात कोणाकडे तरी मिळेल, तांदळात लपवून टाकू. काम फत्ते.

योसने शेत नांगरलं. एप्रिलच्या एका शनिवारी मी यंत्र घेऊन निघालो. ताज्या नांगरटीत कोपऱ्यापासून वीसेक पावलांवर यंत्र असं काही वाजलं की दोन वर्षांत कधी वाजलं नव्हतं. गुडघ्यावर बसलो, माती सारली, आणि हातात आलं तांब्याचं नाणं! ओबडधोबड, जाड, गोलही धड नाही. थुंकी लावून अंगठ्याने चोळलं. अक्षरं दिसली. देवनागरी!

श्री. राजा. शिव.

उलटं केलं. छत्र. पति.

शिवराई! नेदरलँड्समध्ये! बटाट्याच्या देशात! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या चिखलात बसल्या बसल्या मला सगळा इतिहास दिसायला लागला. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, हे मी शाळेत शिकलो होतो. इथलाच कोणी खलाशी तिकडे गेला असेल, खिशात ही शिवराई घेऊन परतला असेल आणि शेतात वाकताना ती पडली असेल. तीनशे वर्षं ती माझी वाट बघत होती! (खरं तर पाच आठवडे. पण संशोधकाने घाई करू नये.)

घरी कोणाला दाखवली नाही. मेधा "हे काय एवढं?" म्हणाली असती, आणि आईला थेट सभेत थक्क करायचं होतं. मंडळाच्या महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम मे महिन्यात आइंडहोव्हनला होता. अध्यक्षा देशपांडेबाईंना मी फोन केला.

"बाई, मला एक तास द्या. मराठ्यांच्या इतिहासाचं एक पान पालटणार आहे."

"वीस मिनिटं देते," त्या म्हणाल्या. "लेझीम आणि मिसळीच्या मधे."

पुढचे दोन आठवडे मी बेचाळीस स्लाइड्स केल्या. नाण्याच्या अक्षरांच्या खाचांत काहीतरी लाल अडकलेलं होतं. ती डच मोहोरेची लाख, हे मी भिंगातून पाहून ठरवलं. एका बाजूला शेजारी शेजारी दोन टोचे होते. धातूचा कस बघायला वखारीच्या अधिकाऱ्याने मारलेल्या त्या खुणा. दोन का? अर्थात, दोन अधिकारी!

कार्यक्रमाला हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आई, आणि तिच्या शेजारी प्रमुख पाहुणा म्हणून डोक्याला भगवा फेटा बांधलेला योस. त्या ऐतिहासिक भूमीचा तो मालक! मी बोलायला उभा राहिलो. वखार, खलाशी, वादळं, लाख, टोचे... मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला.

"म्हणजे मराठी पैसा इथे आपल्या आधी पोचला?"

"तीनशे वर्षं आधी!" मी गरजलो. "आणि व्हिसाशिवाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने पदर डोळ्याला लावला. आयुष्यात इतका मोठा मी कधीच वाटलो नव्हतो, मलाच.

मग नाणं डबीत घालून मी पहिल्या रांगेत दिलं. आईने ते घेतलं. अक्षरांकडे तिने बघितलंच नाही. उलटं करून त्या दोन टोच्यांवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा. मग चष्मा काढला आणि पुसायला लागली.

मी घाईघाईने पुढची स्लाइड लावली.

"अवि," आई म्हणाली. मुख्याध्यापिकेच्या आवाजाला माइक लागत नाही. "हे अधिकाऱ्याने टोचलंय?"

"हो. वखारीच्या."

"दुसरीत असताना भिंगरी करायला या पैशाला खिळा ठोकत कोण बसलं होतं? दोन भोकं पाडून दोरा ओवायचा होता. दोन टोचे पडले, तेवढ्यात मी येऊन तुझ्या कानफटात दिली. आठवतंय?"

आठवलं. कानासकट आठवलं.

"आई, अगं अशा शिवराया खूप असतात..."

"आणि ही लाख?" तिने नखाने ते लाल खरवडलं, बोटावर घेतलं आणि शेजारच्या योसच्या कपाळाला टेकवलं. "कुंकू आहे हे. तुझ्या पणजीपासूनचं."

हॉलमध्ये खसखस पिकली. तरीही मी मागे हटलो नाही. वैज्ञानिक पुरावा मागितला! "पण आई, आपला पैसा इथे शेतात येईलच कसा? तो तर..."

"लॉकरमध्ये आहे," आई म्हणाली. "तेच विचारते."

इथे योसला वाटलं, आपल्या मित्राची बाजू सावरायला हवी. काय चाललंय ते त्याने शेजारच्याकडून इंग्रजीत समजून घेतलं होतं. तो उठला, फेटा सावरला आणि आनंदाने म्हणाला, "पण हे सोपं आहे! मार्चमध्ये तू देवाची वापरलेली फुलं पुरलीस ना? त्याच कोपऱ्यात! नांगराने पुढे ओढलं असणार."

"कसली फुलं?" आईने मराठीत विचारलं. भाषांतर करायला निदान दहा जण पुढे सरसावले. आपल्या लोकांत एवढी एकी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"दोन वर्षं जुनी!" योसने आणखी मदत केली. "माझ्याशी तसंच बोलला तो. दोन वर्षांपूर्वीची फुलं."

आईने हिशोब केला. दोन वर्षं जुनी फुलं, रोजची पूजा, मानसपूजा, लॉकर. सगळी गणितं एकदम सुटलेली तिच्या चेहऱ्यावर दिसली. मी मेधाकडे पाहिलं. ती मिसळीच्या पातेल्यामागून, हातात डाव घेऊन, अख्ख्या मंडळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "चाळून घे म्हटलं होतं मी. म्हणाला, 'काय असणार? किडे.'"

देशपांडेबाईंनी प्रसंगावधान राखून आभार मानले आणि मला नारळ दिला. सत्काराचा होता की दुसऱ्या अर्थाचा, हे मी विचारलं नाही. माझ्या उरलेल्या अठरा स्लाइड्स आजतागायत कोणी पाहिलेल्या नाहीत.

गाडीत मी माफी मागितली, आईने ऐकली. घरी आल्यावर तिने नाणं धुतलं, पुसलं, कपाळाला लावलं आणि वाटीत ठेवलं. "सापडला हे फार झालं रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, विकलास की काय." मला खरोखर लाज वाटली. इतकी, की दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी पहाटे उठून, सोवळं नेसून, घंटा वाजवून साग्रसंगीत पूजा केली. विमानतळावर तिला वचन दिलं, आता एक दिवस चुकणार नाही.

आता दर रविवारी फोन येतो.

"पूजा झाली?"

"झाली!"

"पैशाची कुठली बाजू वर आहे आज? छत्रपतीची, की टोच्यांची?"

(मेधा रोज बसला जायच्या आधी तो पालटून ठेवते, की ठेवतच नाही, हे त्या दोघींनाच माहीत.)

"एक मिनिट हं आई, आवाज तुटतोय..." असं म्हणत मी फोन सोफ्यावर ठेवतो आणि न्यूनेनचा हा संशोधक मोज्यांवर घसरत जिन्याखाली खोदकामाला जातो.